पिशवीतलं माझं बोलणं

घशाचं ऑपरेशन ठरलेल्या माणसाला कुणी धड काही सांगत नाही. डॉक्टर सांगतात ते शरीराचं. पावणं केळी घेऊन येतात, "काय व्हत न्हाय, वाघ हाईस तू," म्हणतात आणि चहा पिऊन जातात. माझ्या वेळी कुणीतरी समोर बसून सांगायला हवं होतं की, बाबा रे, आवाज जाणार म्हणजे नेमकं काय काय जाणार. ते कुणी सांगितलं नाही, म्हणून मी लिहायला बसलोय. लिहायचा मला लहानपणापासून कंटाळा. दहावीपर्यंत कसाबसा रेटलो. तेव्हा शुद्धलेखनाला नावं ठेवू नका.

मी मल्लाप्पा. कोल्हापूरच्या गूळ बाजारात एका अडत दुकानात सौदे पुकारायचो. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, रांगेनं मांडलेले असतात, व्यापाऱ्यांचा घोळका रांगेबरोबर सरकत असतो आणि त्या सगळ्या कालव्यात एकाच माणसाचा आवाज सगळ्यांना ऐकू जावा लागतो. तो माझा जायचा. हमाल म्हणायचे, मल्लाप्पाला भोंगा लागत न्हाय. घर उचगावात. घरात बायको महादेवी, थोरला बसवराज म्हणजे बसू, आणि धाकटी गिरिजा. ही पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. बसू तेरा वर्षांचा होता, गिरिजा नऊ, चौथीत.

आवाज बसला

माझी चूक आधी सांगतो. आमच्या धंद्यात दिवाळीनंतर गूळ सुरू झाला की पुकारणाऱ्याचा आवाज बसतोच. बसलेला आवाज ही आमची ऐट. ज्याचा आवाज बसला नाही त्याच्या दुकानात माल आला नाही, असं सरळ गणित. त्या वर्षी माझा आवाज कार्तिकात बसला. मी खूश. मालक खूश. पाठीवर थाप मारून म्हणाले, "मल्लाप्पा, औंदा लक्ष्मी हाय आपल्याकडं." मी ज्येष्ठमध चघळत पुकारत राहिलो. होळी झाली, हंगाम सरला, आवाज काही उठला नाही. तरी मला वाटलं, औंदा माल जास्त होता, उठायला वेळ लागणार. तंबाखूची चिमूट चालूच होती, तेही लपवत नाही.

मग एक दिवस जेवताना घास अडकला आणि कानात कळ आली. महादेवी म्हणाली, "उद्या डॉक्टरकडं न्हाय गेलासा तर मी जेवणार न्हाय." ती खरंच जेवली नाही. मी गेलो.

मिरजेच्या डॉक्टरांनी आरसा घालून घसा बघितला, तुकडा काढून तपासायला पाठवला. पाच दिवसांनी परत बोलावलं. डॉक्टर तरुण होते, माझ्याकडं न बघता महादेवीकडं बघून बोलत होते. स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला पुढं कायमचं भोक राहील, श्वास तिथनं घ्यायचा. जीव वाचायची आशा चांगली आहे.

मी विचारलं, "आणि बोलायचं?"

ते म्हणाले, "नेहमीसारखं नाही."

माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल? बायको नाही, पोरं नाहीत. आता सौदा कोण पुकारणार, हे आलं. माणूस असा येडा असतो. बाहेर बाकड्यावर बसल्यावर महादेवी पदर तोंडाला लावून रडायला लागली, तेव्हा मी तिच्यावर खेकसलो, "गप बस की! लोकं बघाल्यात!" ती गप बसली.

एसटीडीचा बूथ

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला दवाखान्यासमोरच्या एसटीडी बूथवरनं मी उचगावला शेजाऱ्यांकडं फोन लावला. पोरांजवळ त्यांची मावशी येऊन राहिली होती. बसू फोनवर आला. त्याला मी सगळं सांगितलं. म्हशीची धार कोण काढणार, गुरुजींना चिठ्ठी कुणी द्यायची, मावशीला उलट बोलायचं नाही. "व्हय अप्पा, व्हय अप्पा," म्हणत होता. मग त्याच्या हातातनं फोन गिरिजानं घेतला.

"अप्पा, लई दुखतंय का?"

"न्हाय. ए, ठेव फोन, मीटर पळालाय हितं."

तिनं ठेवला.

माझ्या स्वतःच्या आवाजात मी पोरीला बोललेलं हे शेवटचं. तुमच्यापैकी कुणाचं ऑपरेशन असेल तर कळकळीनं सांगतो, त्या दिवशी मीटर पळू दे.

आम्ही लिंगायत. सकाळी गळ्यातलं इष्टलिंग काढून ठेवायला सांगितलं. बारशापासून ते कधी अंगावेगळं झालं नव्हतं. महादेवीनं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि मी ते त्यात ठेवलं. माझ्या स्ट्रेचरमागनं ती ओंजळ तशीच धरून ऑपरेशनच्या दारापर्यंत आली.

वॉर्डातले दिवस

शुद्धीवर आल्यावर मी ओरडलो. तोंड उघडलं, पोट आत गेलं आणि काहीच झालं नाही. गळ्यातनं फस्स करून वारा गेला. मी परत ओरडलो, परत फस्स. सिस्टर म्हणाल्या, "काका, जोर लावू नका." त्यांना काय सांगणार, चाळीस वर्षं जोर लावूनच जगलो होतो.

पहाटे सहाला भोकातली नळी साफ करायची, कफ ओढायचा. तो ओढताना डोळ्यांपुढं काजवे चमकतात, पण मिनिटाभरात संपतं. नाकातल्या नळीतनं दूध, डाळीचं पाणी. चव नाही. आंघोळीला गळ्यावर पाणी जाता कामा नये. आणि रडायचं कसं तेही नव्यानं शिकावं लागतं. हुंदका येतच नाही, नुसतं भोक फसफसतं आणि कफ वर येतो. महादेवीला पहिले काही दिवस कळायचंच नाही, मी रडतोय की गुदमरतोय. ती धावत सिस्टरला बोलवायची आणि मला जास्तच लाज वाटायची.

पाटी-पेन्सिल उशाला दिलेली. पण मी शब्द लिहीपर्यंत समोरचा माणूस दुसरंच काहीतरी बोलायला लागायचा. मग मी पाटी आपटायचो. दोन पाट्या फोडल्या. महादेवी एकदा म्हणाली, "माझ्यावर राग काढून तुमचा आवाज येणार असंल तर काढा." आणि खिडकीकडं तोंड करून बसली. त्या दिवशी आम्ही दोघांनी दिवसभर एकमेकांकडं बघितलं नाही. आजारपणात नवरा-बायकोचं प्रेम वाढतं असं म्हणणाऱ्यानं आमच्या वॉर्डात येऊन बघायला हवं होतं.

पोरांनी आणलेलं

नवव्या दिवशी मावशी पोरांना घेऊन आली. बसूनं जुन्या सायकलची घंटी एका फळीवर स्क्रूनं बसवून आणली होती. कुणाला बोलवायचं झालं की ट्रिंग. लई उपयोगी पडली. दवाखान्यात वाजवायला बंदी आली, पण घरी तीन वर्षं वापरली.

गिरिजा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. माझ्या गळ्याकडं तिनं एकदा बघितलं, मग परत बघितलं नाही. शाळेच्या स्कर्टच्या उरलेल्या निळ्या कापडाची तिनं एक पिशवी शिवली होती, टाके हे एवढे. आत कार्डं. आमच्या घरी लग्नपत्रिकांचा ढीग असायचा, बाजारातले सगळे व्यापारी द्यायचे. त्यांच्या कोऱ्या पाठी कापून तिनं कार्डं केली होती आणि प्रत्येकावर एक शब्द किंवा एक वाक्य, ठसठशीत, स्केचपेननं.

"अप्पांनी पाटीवर लिव्हायचं म्हंजे टाइम जातोय," ती मावशीला म्हणाली. "म्हणून त्यांचं बोलणं मी आधीच लिवून आणलंय. जे पायजे ते दाखवायचं."

मावशी म्हणाली, "दोन दिवस बसूला आन् मला नुसतं इचारत बसलीया. अप्पा आणि काय बोलतात, अप्पा आणि काय बोलतात."

मी एकेक कार्ड काढायला लागलो. पाणी. च्या आन. व्हय. न्हाय. बघू. महादेवी. बसू. चप्पल कुठं हाय. दार लावा. कोण आलंय. टीव्ही बंद कर. अभ्यास कर. गप बसा. अक्कल हाय का? मुस्काट फोडीन.

सिस्टर बघत होत्या, त्या हसून हसून खाली बसायच्या राहिल्या. तेवढ्यात डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, "काय काका, आज जरा नळी बदलूया का?" आणि मी "अक्कल हाय का?" हे कार्ड वर धरलं. सगळा वॉर्ड हसला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसता हसता खोकला. महादेवी कित्येक दिवसांनी हसली. गिरिजा लाजून बसूच्या मागं लपली. तिचं काम सगळ्यांना आवडलं म्हणून तिचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू.

ते गेल्यावर मी परत सगळी कार्डं पसरली. चाळीसच्या वर होती. मी घरात काय बोलतो ते सगळं त्यात होतं. एकही खोटं नव्हतं. पोरीनं आपल्या मनाचं एक अक्षर घातलं नव्हतं. "जेवलीस का" नव्हतं, कारण मी ते कधी विचारलंच नव्हतं. "शाब्बास" नव्हतं. आणि तिचं नाव नव्हतं.

पुढच्या रविवारी पोरं परत आली. मी पाटीवर लिहिलं, "तुझ्या नावाचं कार्ड?"

तिनं वाचलं. "ते कशाला? 'ए' हाय की." तिनं पिशवीत हात घालून काढून दाखवलं. एक नाही, दोन. "ते तुम्हाला लई लागतंय, म्हणून दोन केल्यात. एक हरवलं तर."

राग नव्हता, रुसवा नव्हता. चहाला साखर किती लागते ते सांगावं तशी सांगत होती. मी तोंड भिंतीकडं केलं आणि भोक फसफसायला लागलं. ती घाबरून "आई! आई!" करत बाहेर पळाली.

नाव का नव्हतं

आता हे सांगितल्याशिवाय तुम्हाला माझी बाजू कळायची नाही.

गिरिजा हे माझ्या आईचं नाव. माझी आई, आमची अव्वा, गिरिजा जन्मायच्या आधी चार महिने गेली. बारशाला थोरल्यांनी तेच नाव ठेवलं. आमच्यात असं नाव ठेवलं की त्या पोराला त्या नावानं आरडून हाक मारत नाहीत. महादेवी सासूचं नाव कसं घेणार? ती लेकीला ताई म्हणायची. आणि मी आईचं नाव घेऊन "टीव्ही बंद कर, मुस्काट फोडीन" म्हणणार होय? माझं बोलणं म्हणजे निम्मं ओरडणं. अव्वाचं नाव मी त्या ओरडण्यात घातलं नाही. म्हणून "ए". माझ्या मनानं तो तिचा मान होता. बसूला मी नावानं हाक मारत होतो, कारण त्याच्या नावाला असलं काही चिकटलेलं नव्हतं.

पण हे पोरीला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. कळत असेलच, असं धरून चाललो. नऊ वर्षं तिनं बघितलं की अप्पा दादाला नावानं बोलावतात आणि मला "ए" म्हणतात, आणि त्याचा जो अर्थ लागतो तो तिनं लावला.

मी पाटीच्या दोन्ही बाजू भरून हे सगळं लिहिलं. पुसून परत लिहिलं. ती बोट ठेवून वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "मग मला कुणीतरी सांगायचं की!" आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची समजूत काढायला माझ्याजवळ काय होतं? व्हय, न्हाय, बघू. मी एका कोऱ्या पत्रिकेच्या पाठीवर स्वतःच्या हातानं "गिरिजा" लिहिलं आणि तिच्यापुढं धरलं. तिनं नाक ओढत बघितलं. "अक्षर लई घाण हाय," म्हणाली, आणि पिशवीत ठेवलं.

घरी

घरी आल्यावर लाईट सुरू झाले. रेडिएशनला आमच्याकडं लाईट देणं म्हणतात. तीसच्या वर झाले. मानेची कातडी काळी पडली, थुंकी आटली. त्या दिवसांत गिरिजानं माझ्या भोकावर बांधायला लाळेऱ्यासारखं एक कापड शिवलं. धूळ जाऊ नये म्हणून. मऊ लागावं म्हणून आत कापूस भरला बिचारीनं. रात्रभर बांधलं आणि सकाळी कापसाचे तंतू आत ओढले गेले. खोकून खोकून जीव कासावीस झाला, रिक्षातनं दवाखाना गाठला. डॉक्टर महादेवीवर ओरडले, महादेवी गिरिजावर. पोर दिवसभर गोठ्यात म्हशीच्या आड बसली, जेवायला आली नाही. मी तिथं गेलो, पण तिला हाक मारायची कशी? घंटी वाजवून? मी नुसता शेणात बूड टेकून तिच्याजवळ बसलो. ती म्हणाली, "मी मुद्दाम न्हाय केलं." मी तिचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवून घेतला.

पोरांना करू द्या. एवढंच माझं सांगणं. आजारी बापासाठी त्यांचे हात शिवशिवत असतात. फुलांची चित्रं काढायला लावून त्यांची बोळवण करू नका, खरं लागेल ते करू द्या. कापड जुन्या धोतराचं घ्या, धुऊन मऊ झालेलं, चारी कडा दुमडून शिवलेलं, आणि कापूस अजिबात नको. गिरिजानं पुढं तसली वीस-पंचवीस शिवली. कार्डं करायला लावा. मात्र कार्डं वाचायची तयारी ठेवा.

बाजारात मालकांनी मला काढलं नाही. रव्यांचा रंग बघून, नखानं टोकरून चांगल्या-हलक्या प्रती लावायचं काम दिलं. माझ्या जागी दुसरा पोरगा पुकारायचा. त्याचा आवाज पातळ होता. पहिल्या दिवशी मी गुळाच्या राशीमागं जाऊन उभा राहिलो. कुणी बघू नये म्हणून.

नवा आवाज

मिरजेला बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. घशातनं वारा गिळायचा आणि ढेकरासारखा परत काढायचा, त्यावर अक्षर बसवायचं. त्या म्हणाल्या, पा, का, टा इथनं सुरू करा. मी पाटीवर लिहिलं, मला आधी "गिरिजा" म्हणायचंय. त्या म्हणाल्या, "तीन अक्षरं एका वाऱ्यात अवघड आहेत, काका. सहा महिने तरी जातील."

आठ गेले. गोठ्यात म्हशीपुढं सराव करायचो, घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. गि म्हणेपर्यंत वारा संपायचा. पोटात गॅस धरायचा. महादेवी म्हणायची, काय गोठ्यातच बिऱ्हाड केलंय.

एका दुपारी जमलं. गिरिजा शाळेतनं नुकतीच आली होती, स्वयंपाकघरात पाणी पीत होती. मी मागच्या दारात येऊन उभा राहिलो, वारा गिळला आणि म्हणालो, "गि-रि-जा."

तांब्या ठेवल्याचा आवाज आला. ती मागं आली नाही, पुढच्या दाराकडं गेली. कडी काढली, बाहेर बघितलं. "आई, कोण तरी पावणं आल्यात गं," ती म्हणाली. "म्हातारं कोणतरी. माझं नाव घ्यालेत."

मी परत म्हणालो. ती वळली. माझ्या तोंडाकडं बघितलं, मग गळ्याकडं, दवाखान्यातल्या त्या पहिल्या दिवसानंतर प्रथमच नीट. महादेवी हातातलं पीठ तसंच घेऊन दारात थांबली होती.

"तुम्ही?" गिरिजा म्हणाली.

मी मान हलवली.

"आणि एकदा म्हणा."

मला वारा पुरेना. तीनदा गिळला, तीनदा फुकट गेला. चौथ्या वेळी निघालं. ती तिथंच उभ्या उभ्या रडायला लागली आणि मी गेलो तिच्याजवळ. काय वाटलं ते मला लिहिता येणार नाही.

आता

याला आता दहा-बारा वर्षं झाली. दुखणं उलटलं नाही. बसू कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला आहे. गेल्या वर्षी त्याचं लग्न झालं. गिरिजा पुण्याला शिकते.

मागच्या सुट्टीत ती आली होती. जेवणं झाल्यावर बसू त्याच्या नव्या बायकोला सांगत होता की अप्पांचा आवाज कसला होता. उठून उभा राहिला, छाती फुगवली आणि मी त्याला अंगणातनं कशी हाक मारायचो ते करून दाखवलं. "बसूऽऽ!" हुबेहूब. भांडी थरथरावीत असा. मी चमकलो. माझाच आवाज इतक्या वर्षांनी मला घरात ऐकू आला. सूनबाई हसली, महादेवीनं डोळे पुसले.

सूनबाईनं सहज विचारलं, "आणि ताईंना कशी हाक मारायचे?"

बसूनं परत छाती फुगवली. तोंड उघडलं आणि थांबला. माझ्याकडं बघितलं, मग खाली ताटाकडं.

"मी सांगते की," गिरिजा म्हणाली. तिनं तोंड मिटलं, वारा गिळला आणि ढेकरासारखं, तुटक, खरखरीत काढलं, "गि-रि-जा."

कुणी हसलं नाही. तीही चेष्टा करत नव्हती. तिला ते एवढंच ठाऊक आहे.